गाडीत काही नाही

डॉक्टरने पंपाचा प्लग ओढून काढला आणि आतली पिन उजेडात धरली. गंजून हिरवी पडली होती.

हायब्रिड गाड्यांची नाडी त्याला अचूक सापडते, म्हणून गॅरेजात त्याला हे नाव पडलं होतं. ही गाडी त्याच्या ताईची. चढावर मध्येच दम सोडते, असं ती उन्हाळ्यात कळवळून सांगत होती. त्याने अंगणात थंड गाडीला स्कॅनर जोडला, पडद्यावर दोष दिसला नाही, आणि जेवायला जमलेल्या सगळ्या घरासमोर तो म्हणाला,

"गाडीत काही नाही. बिघाड स्टिअरिंगमागे बसतो."

हशा पिकला. ताईही हसली. मग तिने किल्ली भाऊजींकडे दिली ती दिलीच. कामावर बसने जाऊ लागली.

आज तीच गाडी भाऊजींना चढावर दगा देऊन गेली, तेव्हा कुठे डॉक्टरने स्कॅनर जोडून ती चढावर नेली. मोटरला वीज पुरवणारा इन्व्हर्टर तापत गेला. त्याला गार ठेवणारा पंप बंद पडला होता. गाडीच्या कॉम्प्युटरने ताकद तोडली. जरा थांबल्यावर सगळं पुन्हा सुरळीत. ताईने शब्दन् शब्द हेच सांगितलं होतं.

"तिला कशाला सांगतोस?" भाऊजी म्हणाले. "मागचं उकरून काय मिळणार?"

डॉक्टरने नवा प्लग बसवला. मग तो गाडी थेट ताईच्या घरी घेऊन आला. ताई इस्त्री करत होती.

"ताई, दोष गाडीतच होता. मी नीट तपासलीच नव्हती."

तिच्या सासूबाईंनी टीव्हीचा आवाज बारीक केला. ताईने इस्त्री उभी ठेवली.

"तेव्हाच चढावर का नाही नेलीस?"

त्याची मान खाली गेली.

"दुसऱ्या कुणी सांगितलं असतं, तर नेली असती."

ताई बराच वेळ शर्टाची कॉलर सारखी करत राहिली. मग तिने हात पुढे केला.

"आण किल्ली. तू शेजारी बस."

सुरुवातीला तिचे खांदे ताठ होते. चढ लागला. इंजिन हलकेच जागं झालं, गाडी एका दमात वर निघाली. वळणावर समोरून ट्रक आला. ताईने वेळेवर वेग कमी करून त्याला वाट दिली.

तेव्हा डॉक्टरच्या लक्षात आलं, आपण दारावरचं हँडल घट्ट धरून बसलोय. त्याने हात हळूच मांडीवर आणला.

"राहू दे," रस्त्यावरची नजर न काढता ताई म्हणाली. "पुढे अजून चढ आहे."