बाळ्याचा कौल

"आपण हसवतो, रडवतो, नाचवतो. एका शब्दात काम फत्ते! इंग्रज मात्र तसा सोडत नाही. कसं करवलं ते आधी सांग म्हणतो. जोर केला तर 'मेक', गोडीगुलाबीनं वळवलं तर 'गेट', नुसतं होऊ दिलं तर 'लेट'." येडशीच्या क्लासात श्रीनाथ सर असं शिकवायचे, आणि पहिल्या बाकावर शिवकन्या कान टवकारून ऐकायची. धनगराची पोर. दहावीनंतर शिकणारी वस्तीवरची ती पहिलीच. सरांवर तिचा देवापेक्षा जास्त भरवसा, खुळी कुठली!

तिचा भाऊ मल्हार पोलिसात लागला आणि बाप गोरोबानं तुळजाभवानीला बोललेला बोकड द्यायचं ठरलं. बोकड कुठला? बाळ्या. त्याची आई वितानाच मेलेली, म्हणून शिवकन्येनंच त्याला बाटलीनं दूध पाजून जगवलेलं. ती रडली, जेवली नाही, पण नवसापुढं पोरीचं कोण ऐकतंय?

रविवारी वस्तीवर पाव्हणे जमले. सरही आले. बाळ्याला हळद-कुंकू लावलं, अंगावर पाणी ओतलं. आता त्यानं अंग झाडलं की देवीनं कौल दिला, मगच सुरी. नाही झाडलं तर बोकड देवीच्या नावानं मोकळा सोडायचा, मरेपर्यंत कुणी हात लावायचा नाही.

बाळ्या ढिम्म. पुन्हा पाणी ओतलं, तरी गडी आपला लिंबाचा पाला चघळतोय. शिवकन्येनं पदराआड हात जोडले. आई, वाचव गं त्याला.

"देवीला नको आसंल," एक म्हातारी म्हणाली. चुलीवर आधण उकळत होतं. पाव्हण्यांची चुळबुळ सुरू झाली, तसा गोरोबा लेकीजवळ आला.

"कानात फुकलं की झाडतंय त्ये. तुला ठावं हाय. जा."

"न्हाय, आप्पा. पाया पडते."

"मंग उद्यापासनं क्लास बंद. शेरडं राख."

तिनं सरांकडं पाहिलं. ते बाजंवर बसले होते, त्यांनी सगळं ऐकलं होतं. एक शब्द बोलले असते तर गोरोबा गप झाला असता. मास्तरापुढं त्याची मान वर होत नसे.

"जा बाळ," सर म्हणाले, "पाव्हणे खोळंबलेत."

ती गेली. तिला बघून बाळ्यानं पाला टाकला आणि डोकं तिच्या खांद्याला घासलं. तिनं त्याचा कान धरला. मेल्या, एवढ्या बारी नको झाडूस, असं मनात म्हणाली आणि फुंकर मारली.

बाळ्यानं शिंगापासून शेपटापर्यंत अंग झाडलं.

"दिला! कौल दिला!" हलगी कडाडली.

दुपारी पंगत बसली. सरांना रस्सा फार आवडला. बोटं चाटत ते म्हणाले, "शिवकन्या, 'मेक' घालून एक वाक्य सांग बरं. आजचंच."

सगळी पंगत तिच्याकडं बघायला लागली.

"आय मेड हिम शेक."

"शाब्बास! एक चूक नाही."

गोरोबाची छाती फुगली. त्यानं आपल्या ताटातली काळजाची फोड उचलून लेकीच्या ताटात टाकली.

"खा. सरांसमोर खा."

सर हसत होते, वाट बघत होते. शिवकन्येनं फोड तोंडात घातली आणि चावली, कारण उद्या क्लास होता.