बशीची खालची बाजू

तो कागद तुम्ही परत पाठवलात. ओराजआगाला दुसऱ्यांदा टॉवरवर चढवलं ते तुम्हीच.

पहिल्या खेपेला आयसानेमने काम चोख केलं होतं. मोयनाकच्या वीजकेंद्रात ती तारा तोलणाऱ्या चिनी मातीच्या बशांवरचं मीठ मोजते. गावालगतचा समुद्र आटला, तळ उघडा पडला. वारा सुटला की तळाचं मीठ बशांवर येऊन बसतं. कोरडं असेतो ते मुकाट असतं. धुकं लागलं की वीज त्यातूनच वाट काढते. लाइनमन ओराजआगाने टॉवरवर बशा पुसून फडकी आणली, तिने ती शुद्ध पाण्यात पिळून मीटर बुडवला. वरची बाजू पावसाने धुतलेली. खालच्या खाचांत नऊपट मीठ. तिने लिहिलं : दोन्ही लाइनी ताबडतोब धुवा.

मुख्य कचेरीतून तुमचं उत्तर आलं : ‘तक्त्यात रकाना फक्त वरच्या बाजूचा आहे. नमुना पुन्हा घ्या.’

दुसऱ्या खेपेच्या सकाळी दाट धुकं. टॉवरची डावी लाइन बंद केलेली, उजवी चालू. उजवीकडून चरचर ऐकू येत होती.

"आगा, आज राहू द्या. उजवी तळतेय."

"तळू दे की! मासे गेले, निदान आवाज तरी राहिला." त्याने टॉवरच्या लोखंडावर बोट फिरवून चाटलं. "मीटर ठेव घरी, पोरी. आज आपल्या खारट चहात मीठ टाकायला नको."

तिने तुम्हाला तीनदा फोन केला. उजवी बंद करा, माणूस वर चढतोय. तुम्ही म्हणालात, "आधी नमुना."

"आगा, खाली या!"

"एकच बशी राहिलीय गं!"

उजवीकडे एक निळी रेघ बशीवरून बशीवर उतरत टॉवरच्या लोखंडात शिरली. मग धुकं एकदम पांढरं झालं, आणि कानठळ्या बसल्या.

ओराजआगा पट्ट्याला लोंबकळत होता. खाली आणला तेव्हा मुठीत फडकं होतं, श्वास नव्हता.

ते फडकंही तिने पिळलं. मीठ जवळजवळ नाहीच. वरच्या बाजूचं ना ते!

काल तुमचा कागद आला : ‘लाइन स्वच्छ होती. कामगाराचा निष्काळजीपणा. सही करा.’

आयसानेमने सही केली नाही. तुमच्या सहीच्या जागेवर बोट ठेवून तिने शेजारी लिहिलं :

बशीला खालची बाजू असते की नसते? हो की नाही, ते सहीनिशी कळवा.