बद्द वाजलेली मेख

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी मेख आहे. हातभर लांब, अंगठ्याहून जाड, आणि आतून कुजलेली. कुजलेली हे आधीच सांगून टाकते, कारण माझ्याबद्दल आजवर पुष्कळ गोड बोललं गेलं, पण तेवढं एक कुणी बोललं नाही.

माझा जन्म फौजेच्या छावणीत झाला. मोडक्या गाडीचा आस तापवून, ठोकून लोहाराने मला घडवलं. पहिलं महायुद्ध चालू होतं. सोचा नावाच्या नदीच्या माथ्यावरच्या या डोंगरधारेवर अलीकडे एक फौज, पलीकडे दुसरी. धारेत एका ठिकाणी खाच आहे. तिथे टाच टेकेल एवढीच जागा, आणि खाली नुसती पोकळी. त्या खाचेत मला इम्रे नावाच्या सैनिकाने ठोकलं. तो हंगेरीच्या सपाट मुलखातला खोगीर शिवणारा. डोंगर त्याने पाहिला तो युद्धातच. तरी त्याचा एक घाव चुकला नाही. माझ्या कडीत दोर ओवला गेला आणि तो धरून माणसं पाठीवर पाण्याची पिंपं घेऊन वर गेली. त्यातली निम्मी परत खाली आली नाहीत. युद्ध कशासाठी होतं हे मला कुणी सांगितलं नाही. इम्रेलाही नव्हतं सांगितलं. दरवर्षी इथे येऊन भाषणं ठोकणारे पुढारी अजूनही सांगत नाहीत.

युद्ध संपल्यावर खालच्या गावची माणसं पोटासाठी लोखंड-तांबं वेचायला आली. काटेरी तारा, डबे, तोफगोळे, सगळं खाली गेलं. गोळे फोडताना काहींचे हात गेले, काहींचे जीव. मी खडकात खोल होते म्हणून राहिले. पुढे दुसरं युद्ध आलं, तेव्हाही कुणीकुणी मला धरून रातोरात पलीकडे निसटले. मग बरीच वर्षं फक्त वारा.

आणि एक दिवस आल्बिन आला. बावीस वर्षांचा सुतार. गिर्यारोहण मंडळातल्या वाट राखणाऱ्यांपैकी एक. ही माणसं सुट्टीच्या दिवशी, फुकट, खडकांवर तांबडं कडं आणि मधे पांढरा ठिपका रंगवत हिंडतात, म्हणजे धुक्यात कुणी चुकू नये. त्याने माझ्यात नवा पोलादी दोर ओवला. मला थोपटून म्हणाला, "म्हातारे, तुझ्या जिवावर चाललंय हं सगळं." खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं.

दर मे महिन्यात बर्फ वितळलं की आल्बिन धारेवरच्या एकेका मेखेवर हातोडी मारायचा आणि कान द्यायचा. मडकं घेताना तुम्ही टिचकी मारता ना, अगदी तसं. खणखणीत वाजली तर ठीक. बद्द वाजली तर काढायची. असं करता करता सगळ्या जुन्या मेखा गेल्या, नव्या आल्या. मी तेवढी राहिले. कारण मंडळाने सभा भरवून ठराव केला की ही सैनिकाच्या हातची खूण आहे, हिला धक्का लावायचा नाही. झालं. तेव्हापासून मला लोक कुरवाळायचे, माझ्याबरोबर फोटो काढायचे. दर हिवाळ्यात माझ्या बुडाशी पाणी शिरायचं, गोठायचं आणि भेग वाढवायचं. तिकडे कुणी वाकून पाहिलं नाही. जीव सगळ्यांचे माझ्यावर टांगलेले, आणि डोळे सगळे कॅमेऱ्याकडे.

यंदाच्या मे महिन्यात आल्बिन आला तो एक्क्याऐंशी वर्षांचा होऊन. सोबत त्याची मुलगी मिल्का. ती खाली टपालकचेरीत काम करते, आणि वाटेचं काम तिला बापानेच शिकवलंय. येत्या रविवारी युद्धात गेलेल्यांच्या स्मरणाची पदयात्रा होती. चाळीस माणसं या खाचेतून जाणार, त्यात शाळेतली मुलंही.

मिल्काने माझ्यावर हातोडी मारली. थांबली. पुन्हा मारली. मग बापाच्या तोंडासमोर येऊन म्हणाली, "बाबा, बद्द वाजतेय."

"काहीतरीच. घंटेसारखी वाजली."

"तुम्हाला ऐकू आली?"

"साठ वर्षं ऐकतोय हिला."

"ते नाही विचारलं मी."

आल्बिनने वही काढली, पेन्सिल ओली केली आणि माझ्या नावापुढे 'ठीक' लिहायला लागला. मला तोंड असतं तर मी ओरडले असते.

मिल्काने पेन्सिल धरली. "हात द्या इकडे." तिने त्याचा हातमोजा ओढून काढला आणि तळवा शेजारच्या नव्या मेखेवर दाबला. घाव घातला. मुठीत मधमाशी अडकावी तसा थरार उठला असणार, कारण म्हातारा हसला. मग तिने तो तळवा माझ्यावर ठेवला आणि घाव घातला.

काही नाही. मी ओंडक्यासारखी मुकी. बुडातून तांबडा भुगा मात्र सांडला.

तो बराच वेळ हात काढेना.

"केव्हापासून?" त्याने विचारलं.

"मेख की कान?"

"दोन्ही."

"मेख यंदा. कान तीन वर्षं झाली."

"आणि तू बोलली नाहीस."

"या गंजकीला तुम्ही हात लावू देत नव्हतात, बाबा. कानाला कोण हात लावणार?"

आल्बिन म्हणाला, "पहार आण."

दोन हिसक्यांत मी बाहेर आले. शंभर वर्षांत हलली नाही म्हणत होते ना? दोन हिसके. माझा निम्मा देह भुगा होऊन खाली गेला. आल्बिनने वाकून माझ्या रिकाम्या भोकात बोट घालून पाहिलं. मिल्काने ड्रिलने खडकात नवं भोक पाडलं, नवी मेख बसवली. त्याने तळवा ठेवला, तिने घाव घातला, आणि मगच वहीत शेरा पडला. सही मिल्काची.

रविवारी चाळीसच्या चाळीस पार झाले. कुणाला काही कळलं नाही.

मंडळात मात्र कळलं. एक पदाधिकारी मिल्कावर घसरला, "इतिहास उपटलास तू." मग मला डोंगरावरच्या विश्रामघरात काचेखाली ठेवायचं ठरलं. पाटीवर लिहून आणलं, 'शंभर वर्षे अढळ'. आल्बिनने ते वाचलं, खिशातून पेन्सिल काढून खोडलं आणि खाली लिहिलं, 'वेळेवर काढली.'

मित्रांनो, माझ्या आयुष्यात माझ्याबद्दल लिहिलेलं हे पहिलं खरं वाक्य. जुन्या वस्तू जपा असं तुम्हाला शाळेत शिकवतात. जपा की. पण आधी त्यांच्यावर भार टाकून कोण उभं आहे ते बघा, आणि हात लावून बघा.