काचेवर धरलेली दोन पत्रकं

मित्रांनो, मी एक जुनी स्टाइलशीट आहे. म्हणजे संगणकातली नियमांची यादी. औषधांची माहितीपत्रकं छापणाऱ्या एका छापखान्यात तिथल्या प्रोग्रामर वहिनींनी मला ओळीओळीने लिहिलं. कंसांच्या खुणांनी गजबजलेली एक्सएमएल फाइल माझ्यात शिरते आणि नीटनेटकं पत्रक होऊन बाहेर पडते. हे मी करते, याचं मला आजही नवल वाटतं.

आमच्याकडे खूण असो, ओळ असो की अख्खा तुकडा, सगळे सरसकट ‘टॅग’च म्हणत. तरी काही अडत नसे, कारण वहिनी सांगताना पडद्यावर बोट टेकवत. पडदा कायम ठशांनी मळलेला असे.

एकदा वहिनी तापाने घरी होत्या. मुलांच्या औषधाचं पत्रक या वेळी एकाच रंगात छापायचं होतं. त्यांनी दिराला फोन केला. तोही इथलाच प्रोग्रामर.

“भावजी, तो ‘लाल’ टॅग काढून टाका.”

“एवढंच ना? झालंच म्हणून समजा!”

वहिनींना फक्त लाल मजकुराच्या दोन्ही बाजूंच्या खुणा काढायच्या होत्या, म्हणजे तो मजकूर काळ्या रंगात छापला गेला असता. दिराने मला नियम दिला की, ‘लाल’ दिसलं की काहीच छापायचं नाही. त्या खुणांच्या आत एक वाक्य होतं: ‘दिवसातून तीनपेक्षा जास्त वेळा देऊ नये.’ मी ते मुकाट्याने गिळलं. कुणाच्या तरी लेकराचा जीव त्या वाक्यावर होता आणि मला ब्र काढता येत नव्हता.

छपाई सुरू होणार, इतक्यात तपासणीच्या मावशी आल्या. त्यांना संगणकातलं ओ की ठो कळत नाही. त्यांनी जुनं आणि नवं पत्रक एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेवर धरलं. वरच्या ओळी तंतोतंत जुळल्या, खालच्या सरकल्या.

“अरे, इथली ओळ कुठे पळाली?”

दिराने धावत जाऊन छपाई थांबवली आणि तो नियम काढून टाकला. मी तर थक्क झाले. माझ्या शेकडो नियमांना जे दिसलं नाही, ते दोन कागदांना आणि उन्हाला दिसलं!

बऱ्या होऊन आल्यावर वहिनी कुणाला रागावल्या नाहीत. त्यांनी माझ्या माथ्यावर लिहिलं:

‘टॅग म्हणजे फक्त खूण.
खुणा आणि आतला मजकूर मिळून एलिमेंट.’

आता माझ्या जागी नवी स्टाइलशीट येते आहे. मित्रांनो, माझे सगळे नियम खुशाल पुसा. त्या दोन ओळी मात्र तिच्या माथ्यावर आधी उतरवा. संगणक त्या वाचत नाही. त्या तुमच्यासाठी आहेत.