टेगिडचं पहिलं अक्षर

मी एक जुनी शिळा आहे. थडग्यावरची. दचकू नका, मित्रांनो. माझ्यापाशी भुतंखेतं नाहीत. आहेत ती एकाच घरातली माणसं, आणि ती सगळी साधी, कष्टाची.

माझा रंग काळा-निळा. पावसात भिजले की जांभळ्याकडे झुकतो. तुमच्या पणजोबांनी ज्या पाटीवर मुळाक्षरं गिरवली, त्या पाटीचा जो दगड, तोच माझा. वेल्समधल्या नांतवेन गावाच्या डोक्यावर आमची खाण होती. तिथे दगडाचे पापुद्रे काढून घरांच्या छपरांसाठी पाट्या करत. मापाप्रमाणे त्यांना नावं असत: डचेस, काउंटेस, लेडी. मी यांतली कोणीच झाले नाही, कारण माझा पापुद्रा निघेना. इडवाल नावाच्या कामगाराने तीनदा छिन्नी लावून पाहिली. मग मला थोपटत म्हणाला, "बरं बाई, तू अशीच चल घरी." त्याला शेगडीपुढे घालायला फरशी हवी होती.

पण शेगडीपुढे मी गेलेच नाही. त्याच हिवाळ्यात त्याची पहिली मुलगी, एलिन, अकरा महिन्यांची होऊन वारली. इडवालने मला पुसून घेतलं आणि माझ्या माथ्यावर तिचं नाव कोरलं. अक्षरं कोरायला तो कुठे शिकला नव्हता. चर्चच्या आवारातल्या जुन्या शिळा बघून बघून त्याने आपलं वळण बसवलं होतं. मला हातगाडीवरून चर्चच्या आवारात आणलं, तेव्हा थडगी खणणारा गुटो म्हणाला, "अरे, एवढ्याशा पोरीला केवढी ही शिळा!"

"आम्ही सगळे हिच्याकडेच येणार ना," इडवाल म्हणाला. "जागा नको?"

एलिनच्या पाठीवर टेगिड झाला आणि त्याच्यानंतर सात वर्षांनी नेस्टा. आमच्याकडे ईस्टरच्या आधीचा रविवार हा फुलांचा रविवार. त्या दिवशी सगळं गाव आपापल्या थडग्यांवर येतं, गवत उपटतं, दगड धुतं, डॅफोडिल वाहतं. टेगिडची आई मार्गेड मला असं घासायची की माझं अंग हुळहुळायचं. १९१६ साली, पहिल्या महायुद्धात, टेगिडला सैन्यात बोलावणं आलं. त्या वर्षीच्या फुलांच्या रविवारी तो नव्या गणवेशात बादली घेऊन उभा होता.

"आई, हळू गं. एलिनचं नाव निघेल अशाने."

"तुझ्या कानामागे एवढं घासलं असतं तर तूही जरा उजळ निघाला असतास," मार्गेड म्हणाली. नेस्टा खो-खो हसली. टेगिडने बादलीतलं उरलेलं पाणी तिच्या पायांवर ओतलं आणि पळाला. त्याच वर्षी तो फ्रान्सला लढायला गेला; मी त्याला पाहिलं ते तेवढंच.

पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये पत्र आलं. मी काही आवारातून हलत नाही. बाहेरचं मला कळे ते गुटोच्या तोंडून, कारण गवत कापताना त्याला बोलायला कोणीतरी लागायचं. पत्रात लिहिलं होतं, 'बेपत्ता'. काही महिन्यांनी दुसरं पत्र आलं. त्यात होतं, की त्याचा मृत्यू झाला असं गृहीत धरण्यात येत आहे.

"गृहीत धरतात म्हणे," मार्गेड माझ्यापुढे उभी राहून नवऱ्याला म्हणाली. "धरा म्हणावं. मी नाही धरत."

लढाई संपली. गावातून गेलेल्यांपैकी बरेच परत आले, काही आले नाहीत. चर्चच्या फाटकाशी त्यांच्या नावांचा स्तंभ उभा करायचं ठरलं. पाद्रीबाबा हातात यादी घेऊन मार्गेडला भेटायला थेट माझ्यापाशीच आले.

"मार्गेडबाई, टेगिडचं वय तेवढं हवं होतं. स्तंभावर..."

"वय कशाला? तो आला की त्यालाच विचारा."

पाद्रीबाबा टोपी हातात फिरवत राहिले. "बाई, गावाला त्याचा मान करायचाय."

"मान करायचाय ना? मग त्याला मारू नका."

त्यांनी यादी घडी करून खिशात घातली. स्तंभ उभा राहिला, त्यावर अकरा नावं आली. टेगिडचं नव्हतं.

 रविवारी प्रार्थनेनंतर खाणीतले त्याचे सोबती त्या स्तंभापाशी थांबत, आपापल्या मुलाच्या नावापुढे टोपी काढत. इडवाल टोपी घालून सरळ फाटकाबाहेर जाई. त्याची पाठ मला इथून दिसायची.

१९२२ च्या वसंतात, एका शनिवारी, खाणीत अर्ध्या दिवसाच्या सुट्टीचा भोंगा झाला आणि इडवाल एकटाच आला. कोटातून त्याने मोगरी आणि छिन्नी काढली. एलिनच्या नावाखाली खडूने टेगिडच्या नावाची, आमच्याकडच्या लिपीतली पाच अक्षरं आखली.  मग छिन्नी लावली. मला त्याचा हात ओळखीचा होता, मित्रांनो. तो कधी चाचरत नसे. त्या दिवशी पहिलं अक्षर कोरायला त्याला तासभर लागला. त्या लिपीत टेगिडचं पहिलं अक्षर सोपं असतं: एक उभी रेघ आणि तिच्या डोक्यावर एक आडवी.

दुसऱ्या अक्षराला छिन्नी टेकली, तेवढ्यात मार्गेड आली. मागून अठरा वर्षांची नेस्टा धापा टाकत येत होती.

"काय चाललंय हे?"

इडवाल उठला नाही. "त्याला जागा देतोय."

"तो आलाय का मागायला?"

"मार्गेड, पाच वर्षं झाली गं."

"होऊ देत. पंचवीस होऊ देत. आणि उद्या तो त्या फाटकातून आत आला, आणि त्यानं हे वाचलं तर? स्वतःच्या बापाच्या हातचं?"

"मला कुठंतरी उभं राहायचंय गं," इडवाल म्हणाला. त्याचा आवाज इतका बारीक झाला होता की नेस्टाने मान फिरवली. "सगळ्यांना जागा आहे टोपी काढायला. मला नाही. तो यायचा नाही, मार्गेड."

हे वाक्य त्या घरात आजवर कोणी उच्चारलं नव्हतं.  मार्गेड खाली बसली, एप्रनचा कोपरा थुंकीने ओला केला आणि खडूची अक्षरं पुसू लागली. चार पुसली गेली. कोरलेलं तिने पुन्हा पुन्हा घासलं, पण ते कसं जाणार? शेवटी तिने दोन्ही हात मांडीवर ठेवले.

कुंपणापाशी उभ्या असलेल्या गुटोला राहवलं नाही. "एवढंसंच नाव ठेवलंत होय पोराचं?" तो म्हणाला. कोणी हसलं नाही. गुटो शरमला आणि आपला विळा शोधायला निघून गेला. इडवालने छिन्नी खिशात घातली. तिघं घरी गेली, एकामागे एक, अंतर ठेवून.

तेव्हापासून माझ्यावर ते एकटं अक्षर. येणारे-जाणारे थबकायचे. कोणाला तो अपुरा राहिलेला क्रूस वाटायचा, तर शाळेतली पोरं त्याला मोडकी छत्री म्हणायची. पण एक गोष्ट फक्त मला माहीत होती. मार्गेड दर रविवारी यायची, इकडे तिकडे बघायची आणि त्या अक्षराच्या खाचेतून बोट फिरवायची. वरून खाली, मग डावीकडून उजवीकडे. माझ्या अंगावर सगळीकडे शेवाळ धरलं, त्या खाचेत कधी धरलं नाही.

सात वर्षांनी खाणीच्या धुळीने इडवालची छाती भरली आणि तो गेला. त्याचं नाव कोरायला शेजारच्या गावचा कारागीर आला. त्याने त्या अक्षराकडे बोट दाखवलं. "बाई, हे काय? चुकलंय का? घासून काढू?"

"हात लावू नका त्याला," मार्गेड म्हणाली. "ती ओळ भरलेली आहे. तुम्ही खाली काढा."

आणखी नऊ वर्षं गेली. नेस्टा लग्न होऊन लिव्हरपूलला राहायला गेली होती, पण फुलांच्या रविवारी न चुकता यायची. एकदा दोघी गवत उपटत असताना तिने विचारून टाकलं, "आई, तुला खरंच अजून वाटतं, तो येईल?"

मार्गेड गवत उपटत राहिली. "चाळीस उलटली असती त्याची. आता आला तरी मी ओळखायची नाही त्याला." मग हात थांबले. "मला कळतं गं, नेस्टा. पहिल्या पत्रालाच कळलं होतं. पण एलिनला मी शेवटचं न्हाऊ घातलं. तुझ्या बाबांना न्हाऊ घातलं, दाढी केली, मोजे घातले. याला मी काहीच केलं नाही. आणि काही न करता नुसतं नाव कोरून मोकळी होऊ?"

नेस्टा पुन्हा गवत उपटू लागली. 

मार्गेड १९४६ साली माझ्यापाशी आली. तिचं नाव सगळ्यात खाली. त्यानंतर नेस्टाचे गुडघे धरले, येणं कमी झालं, मग थांबलं. गुटो कधीच गेला होता. खाण बंद पडली, तरणी माणसं गाव सोडून गेली. माझ्यावर वेली चढल्या. मेंढ्या कुंपणातून आत येऊन माझ्या कडेला अंग घासायच्या. एक दिवस दोन माणसं आली, त्यांनी मला ढकलून पाहिलं, "ही हलतेय, कोणाच्या अंगावर पडेल," असं म्हणाली आणि मला आडवी करून गेली. चेहरा खाली. एकोणीस वर्षं मी मातीत तोंड घालून होते. त्या काळाबद्दल सांगण्यासारखं काही नाही. गांडुळं होती, बाकी कोणी नाही.

मग लाउरी आली. ही गावात तीस वर्षं टपाल वाटणारी बाई. निवृत्त झाल्यावर तिने एक काम अंगावर घेतलं होतं. फाटकातल्या स्तंभावरच्या अकरा जणांची माणसं कोण, त्यांच्या घरच्या शिळा कुठल्या, हे सगळं ती वहीत लिहून काढत होती. अकराच्या अकरा सापडल्या होत्या. तरी ती प्रत्येक पडलेला दगड उचलून बघायची.

"लाउरी, तुझे अकरा झाले ना? आता हिला कशाला छळतेस?" पहार घेऊन आलेल्यांपैकी एक जण कुरकुरला.

"तोंड लपवून बसलीय ती. विचारू तरी का म्हणून. लावा पहार!"

मला उभं केलं. किती वर्षांनी ऊन लागलं! लाउरीने माती पुसली. एलिन. मग ते एक अक्षर. मग इडवाल, मार्गेड. तिचं बोट त्या खाचेवर थांबलं. "हे कोणाचं?" ती स्वतःशीच म्हणाली.

तिने शाळेचं जुनं हजेरीबुक काढलं. इडवालचा मुलगा टेगिड, सापडला. सैन्याच्या कागदांत सापडला. आणि तीस वर्षं टपाल वाटलेल्या बाईला त्याच्या बहिणीचा जुना पत्ता शोधणं काय अवघड! पुढच्या फुलांच्या रविवारी नव्वद वर्षांची नेस्टा चाकाच्या खुर्चीत बसून फाटकातून आत आली. सोबत लाउरी होती आणि एमिर नावाचा तरुण कारागीर.

"तुमच्या आईंनी नको म्हणून सांगितलं होतं का?" लाउरीने हळूच विचारलं.

"मी गेल्यावर काय करायचं ते तिनं सांगितलंच नाही. मीही विचारलं नाही. मला वाटायचं, विचारलं की ती मरेल," नेस्टा म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "कोमट पाणी मिळेल का कुठे?"

लाउरी धावत जाऊन शेजारच्या घरून पाणी घेऊन आली. नेस्टाने खुर्ची माझ्याजवळ आणवली, बाह्या सारल्या आणि मऊ फडक्याने मला धुवायला लागली. आधी कडा, मग माथा, मग ती ओळ. ती घासत नव्हती. आजारी माणसाचं अंग पुसतात तसं पुसत होती, वाकून, सावकाश, कानामागे, गळ्यापाशी, असं पुटपुटत. लाउरी आणि एमिर दूर जाऊन उभे राहिले. पाणी निवलं तेव्हा ती थांबली. "झालं," ती म्हणाली. "आई, झालं गं त्याचं. एमिर, ये आता."

एमिर गुडघ्यांवर बसला. "आजी, तुमच्या बाबांचं वळण मला जमेल. कोणाला फरक कळायचा नाही."

"कळू दे. बाबांची नक्कल नको. तू तुझं अक्षर काढ."

"आणि पुढे काय लिहू? लढाईत मारला गेला?"

"कोणी पाहिलं? खोटं आईला चालायचं नाही." नेस्टाने ओळीवर बोट ठेवलं. "'फ्रान्सला गेला, १९१६.' एवढंच."

पहिलं अक्षर आणि दुसरं अक्षर यांच्यामध्ये माझ्या अंगावर बोटभर जागा आहे. ती जागा ओलांडायला बहात्तर वर्षं लागली. आज कोणीही नीट पाहिलं तर सांगेल, की पहिलं अक्षर एकाचं आणि चार दुसऱ्याची. तसंच असायला हवं होतं.

फाटकातल्या स्तंभावरही बारावं नाव चढलं. नोव्हेंबरात, लढाई संपली त्या दिवसाच्या आठवणीला, पाद्रीबाई यादी वाचतात, गार वारं सुटलेलं असतं, लोक पाय आपटत उभे असतात, पण बाराही नावं संपेपर्यंत कोणी हलत नाही.

तर मित्रांनो, आमच्यासारख्या शिळा तुमच्याही गावाबाहेर असतील. कुठे क्रूस असेल, कुठे चिरा असेल, कुठे नुसता दगड. आम्हाला तारेच्या ब्रशने किंवा आम्लाने घासू नका, साधं पाणी पुरतं. फुलं नसली तरी चालतं. पण कधी समोर उभे राहिलात तर जे लिहिलं आहे ते मोठ्याने वाचा. आमच्याकडची नावं तुमच्या जिभेवर अडखळतील. अडखळू द्या. इथे पडलेल्यांनी आजवर कोणाचा उच्चार सुधारलेला नाही.