मामाचा चौकोन

पेंटरने उभा जन्म दुसऱ्यांची नावं दुकानांवर रंगवण्यात घालवला आणि साठी उलटल्यावर त्याला स्वतःच्या खानदानाचा बोर्ड रंगवायची हुक्की आली. बोर्ड कसला, हॉलची अख्खी भिंतच. एकेका माणसाला एकेक चौकोन, वर नाव, खाली किस्सा. कॅलेंडरपुरती तरी जागा सोडा, असं बायकोने सुचवून पाहिलं.

चौकोन भरत गेले. बापाचा तेवढा राहिला. बाप वारला तेव्हा पेंटर अडीच वर्षांचा. आईने पुढे तो विषय घरात निघू दिला नाही, फोटोही ठेवला नाही. नावाखाली नुसता पांढरा रंग. खरं तर त्या एका चौकोनासाठीच त्याने सगळी भिंत अंगावर घेतली होती, पण हे तो बायकोलाही बोलला नव्हता.

बापाला जाणतेपणी पाहिलेलं एकच माणूस उरलं होतं: नव्वदीची आत्या, बसने दोन तासांवर. पेंटर दर रविवारी जायचा आणि बाबांचं काहीतरी सांग म्हणायचा. आत्या मान डोलवायची आणि मामाचं पुराण लावायची. मामाने जुनं कपाट विकत घेतलं, कडी लागते का बघायला आत शिरला, तेवढ्यात हमालांनी कपाट उचललं आणि भलत्याच घरी पोचवलं. मामा तिथे नमस्कार करत बाहेर आला, चहा पिऊन परतला. मामा मित्राला सोबत म्हणून दातांच्या डॉक्टरकडे गेला आणि गडबडीत स्वतःचाच दात काढून आला, का तर डॉक्टरांना नाही कसं म्हणायचं.

आत्याचा मामा म्हणजे आजीचा भाऊ, असा हिशेब लावून पेंटरने त्याला पार खिडकीजवळ चौकोन दिला. पाच रविवारांत तो उतू गेला. पेंटरला त्या मामाचा हेवा वाटायला लागला.

सहाव्या रविवारी कळलं की मामा फरशीला रंग देत देत कोपऱ्यात अडकला आणि वाळेपर्यंत तिथेच गाणी म्हणत बसला. पेंटर स्वतः गेल्याच महिन्यात असा अडकला होता. त्याला हसू आलं, मग एकदम भरून आलं.

"तुझ्या मामाचं पुरे, आत्या. माझ्या बापाचं सांग."

"मला कुठला रे मामा?" आत्या म्हणाली. "तुझ्या बापाचंच तर सांगतेय."

मग सगळं निघालं. आत्या दोन लेकरं घेऊन माहेरी राहिलेली. ती लेकरं त्याला मामा म्हणायची, त्यांचं ऐकून आत्या, मग शेजारी, शेवटी त्याची सख्खी आईसुद्धा.

"आणि मी?"

"तूही मामाच. तो तुला मांडीवर घेऊन रोज शिकवायचा, बाबा म्हण, बाबा. तू आपला मामा, मामा. जायच्या आदल्या दिवशीपर्यंत शिकवत होता बिचारा."

बापाने आपला नव्हे, आपण बापाचा मामा केला, हे पेंटरला बसमध्ये उमगलं.

घरी येऊन त्याने लाल रंगाचा डबा उघडला. कोऱ्या चौकोनापासून रेघ निघाली, ती दारावरून, बटणांच्या बोर्डाला वळसा घालून खिडकीपर्यंत गेली. बायको म्हणाली, "अहो, कॅलेंडर!" त्याने कॅलेंडर काढून तिच्या हातात दिलं.

खिडकीजवळ 'मामा' पुसून त्याने 'बाबा' लिहिलं. रंग वाळेपर्यंत तो तिथेच खाली बसला. कोणी ऐकत नाही असं बघून त्याने एकदा हाक मारून पाहिली.

तोंडातून आधी 'मामा'च आलं.