काळी दोन

पियानो हा वाद्यांचा राजा आहे, असे जाणकार म्हणतात. हा राजा जिन्यावरून सभागृहाच्या रंगमंचावर चढवताना हमालांनी त्याला ज्या नावांनी हाका मारल्या, त्यांत हे नाव नव्हते.

पियानो दिला होता एका दंतवैद्याने. मुलगी दूर गेली, बायको देवाघरी गेली, आणि दिवाणखान्यात माणसांपेक्षा जास्त जागा अडवणारी ती वस्तू एकट्याला बघवेना, म्हणून त्याने ती सभागृहाला देऊन टाकली. दंतवैद्य आणि पियानो या जोडीवर बरेच विनोद झाले. सगळे दातांवरचेच होते, म्हणून इथे देत नाही.

सभागृहाच्या चिटणीसांनी ठरवले की पियानोचा पहिला कार्यक्रम दादांचा. "दादा, तुम्ही आणि पियानो. बाकी काही नको. तुमचं ते गाणं झालं की सभागृहाचं सार्थक झालं."

'तुमचं ते गाणं' हे अर्थातच दादांचे नव्हते. ते एका जुन्या सिनेमातले होते. पण लग्ने, वाढदिवस, बँकेचे वार्षिक मेळावे यांत दादांनी ते इतकी वर्षे गायले होते की ते मुळात दुसऱ्याच कुणाचे आहे हे सांगणारा माणूस आगाऊ ठरत असे. त्याच्या अंतऱ्यात एक जागा होती. तिथे आवाज जिना चढल्यासारखा वर जाई आणि वरच थांबे. लोक तिथेच टाळ्या वाजवत.

दादा खूश झाले. "आता बोला! खरा पियानो. बटणं नाहीत, वायर नाही, लबाडी नाही. धाकट्या, ऐकलंस का?"

धाकट्याने ऐकले होते. तो दादांचा सख्खा भाऊ आणि त्यांच्या वाद्यवृंदातला कीबोर्डवाला. एकेकाळी वृंदात बासरीवाला होता, व्हायोलिनवाला होता, बास गिटारवर लंबू होता. आता वृंद म्हणजे धाकटा आणि ताल देणारे एक यंत्र. कीबोर्डने सगळ्यांना गिळले, असे लोक म्हणत आणि काळाला दोष देत. काळ बिचारा कुणाचे कुठे खंडन करतो.

खरी गोष्ट अशी होती की दादांचा आवाज उतरला होता.

दादांची पट्टी काळी दोन. पेटीवरची दुसरी काळी पट्टी. तिथे ते आपला सा धरत. पुरुषाने तिथून ते गाणे गाणे म्हणजे खायचे काम नाही. दादा दर कार्यक्रमात माइकवर सांगत, "केस गेले, दाढा गेल्या, गुडघे निघालेत. पट्टी गेली नाही. आजही काळी दोन!" लोक हसत, मग टाळ्या वाजवत, आणि धाकटा कीबोर्डकडे मान घालून बसलेला असे.

कारण कीबोर्डला एक बटण असते. ते दाबले की बोटे तिथेच राहतात आणि सूर खाली येतो. एका लग्नात अंतऱ्यातल्या त्या जागेवर दादांचा आवाज फाटला. दादा म्हणाले, थंडी. पुढच्या कार्यक्रमात धाकट्याने ते बटण एकदा दाबले. अर्धा सूर. कोणाला कळले नाही. वर्ष-दीड वर्षाने पुन्हा एकदा. असे करता करता दादा काळी दोनवरून निघून दोन सूर खाली, पांढरी सातवर येऊन पोचले होते आणि त्यांना प्रवास झाल्याचे ठाऊक नव्हते.

सूर कानाला कळतो म्हणतात. दादांना तो डोळ्यांना कळत असे. गाताना ते डावा हात धाकट्याच्या खांद्यावर ठेवून उभे राहत आणि त्याची बोटे बघत. बोटे काळी दोनवर आहेत ना? मग झाले. मूळ गाणे ते कधी ऐकत नसत. मूळ गायकाने त्यात जीव ओतलेला नाही, असे त्यांचे मत होते.

पण बाकीच्या वाद्यांना असे बटण नसते. बासरीवाल्याने निराळी बासरी काढली असती तर दादांनी विचारलेच असते, म्हणून बासरीवाला पहिला गेला. तो वेळेवर येत नाही, असे धाकट्याने दादांना सांगितले. मग व्हायोलिनवाला गेला. तो म्हणे फार महाग झाला होता. लंबू राहिला. तो मुकाट्याने गिटारवर बोट एक घर खाली सरकवी आणि छताकडे बघत वाजवी. पण दादा आणि लंबू तरुणपणी एकाच गिटारवर शिकलेले. एका तालमीत दादा म्हणाले, "लंब्या, बोट कुठं ठेवलंयस?"

"वय झालं, दादा. तारा सैल ठेवतो हल्ली, बोटांना बरं पडतं."

दादांनी उरलेली तालीमभर लंबूच्या बोटांवर नजर ठेवली. धाकट्याने लंबूला सांगितले की आता परवडत नाही. आणि दादांना सांगितले की लंबू दुसऱ्या वृंदात गेला.

"न सांगता?" दादा म्हणाले होते. बस, एवढेच. त्यानंतर त्यांनी लंबूचे नाव काढले नाही. लंबूचे कुलपांचे दुकान होते त्या रस्त्याने जाणेही सोडले. घरच्या कपाटाचे कुलूप बिघडले तेव्हा कपाट उघडे राहिले.

तर आता खरा पियानो.

धाकटा स्वयंपाकघरात वहिनीकडे गेला. वहिनी भांडी विसळत होती.

"वहिनी, एक सांगायचं होतं. दादांची पट्टी…"

"उतरलीय. माहीत आहे."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"भाऊजी, ते गाणं मी भांडी घासताना रेडिओबरोबर म्हणते. यांच्याबरोबर म्हणायला गेले तर घशातून म्हैस निघते. एवढं कळतं मला."

"मग तुम्ही सांगता का त्यांना?"

"मी? मी सांगितलं तर जेवणार नाहीत. तुम्ही सांगा."

"मी सांगितलं तर गाणार नाहीत."

दोघांनी बराच विचार केला. दुसऱ्याने सांगावे, यावर एकमत झाले आणि धाकटा घरी गेला.

दुसऱ्या दिवशी तो पियानो जुळवणाऱ्याकडे गेला. जुळवणारा रंगमंचावर पियानोचे झाकण वर करून आत वाकला होता. बाहेरून नुसती पाठ दिसत होती.

"एक विचारू का? हा सगळा थोडा खाली उतरवता येईल?"

"किती?"

"दोन सूर."

पाठ सरळ झाली. "दोन सूर खाली आणला तर त्याला पियानो म्हणत नाहीत. कपडे वाळत घालायची दोरी म्हणतात."

"फक्त एका गाण्यापुरता."

"हे बघा, माझा एक मेहुणा आहे, तो पण असंच बोलतो. त्याच्यावर उपचार चालू आहेत." पाठ पुन्हा वाकली.

राहिला एकच मार्ग. बटण नाही तर बोटे हलवायची. ते गाणे खरोखरच पांढरी सातवरून वाजवायचे. ऐकणाऱ्याला हे सोपे वाटेल. पण बटणाच्या आधाराने इतकी वर्षे काढलेल्या माणसाची बोटे म्हणजे रोज एकाच दारातून घरी येणारा बैल. धाकटा घरी दार लावून बसला. पहिल्या दिवशी मुखडा लंगडला, नंतर अंतरा लंगडला, मग हळूहळू दोघे सरळ चालू लागले. दादांनी बोटे बघू नयेत म्हणून त्याने चिटणीसांना गाठून गायकाचा माइक पियानोच्या पार पुढे, प्रेक्षकांच्या तोंडावर ठेवायला लावला. "परदेशात असंच असतं," असे त्याने सांगितले. चिटणीसांना ते लगेच पटले.

तालमीला दादा धुतलेला सदरा घालून आले. दुपारची वेळ, सभागृहात खुर्च्या पुसणारी एक बाई आणि जुळवणारा, इतकेच लोक. वहिनी मागच्या रांगेत बसली. दादांनी पियानोला एक फेरी मारली, काळ्या पॉलिशमध्ये स्वतःला बघितले, केस नसलेल्या डोक्यावरून हात फिरवला. मग पुढे ठेवलेला माइक उचलून सरळ धाकट्याच्या बाजूला आले आणि डावा हात त्याच्या खांद्यावर ठेवला.

"दादा, तुमची जागा तिकडे…"

"तिकडे कशाला? मी काय बातम्या देणार आहे? चल, घे."

खांद्यावरचा तो हात ओळखीचा होता. त्याचे वजन, अंगठा टेकायची जागा, सगळे. धाकट्याने श्वास घेतला, पांढरी सात मनात धरली, आणि हात खाली आणले. हात आपल्या दाराने घरी गेले. काळी दोन.

सूर सभागृहभर घुमला तेव्हा त्याला कळले. थांबायला हवे होते. पण दादांनी सूर उचललाच होता, आणि गाणाऱ्याला मध्ये थांबवायचे नसते, हे धाकट्याला दादांनीच शिकवले होते.

मुखडा निभावला. दादांच्या मानेच्या शिरा ताठल्या, पण निभावला. वहिनीने पदर तोंडाला लावला. अंतरा सुरू झाला, जिना आला, दादा चढू लागले आणि मधल्याच पायरीवर आवाज फाटला. फाटला म्हणजे एखाद्या जुन्या चादरीसारखा, आवाज होऊन.

खुर्च्या पुसणाऱ्या बाईने वर पाहिले.

दादा खाकरले. "चढलाय हा. जुळवणारे, पियानो चढलाय तुमचा."

जुळवणाऱ्याने खिशातून सूरकाटा काढून गुडघ्यावर आपटला, पियानोच्या लाकडावर टेकवला आणि एक पट्टी दाबली. दोन्ही आवाज एकच होते. "साहेब, बरोबर आहे."

दादांनी वाकून एका बोटाने स्वतः काळी दोन दाबली. थोडा वेळ ऐकली. पुन्हा दाबली. मग खांद्यावरचा हात काढून घेतला.

"तुझ्या कीबोर्डवर ही इतकी वर नसते."

धाकटा पट्ट्यांकडे बघत राहिला.

"किती खाली आणलंस?"

"दोन सूर."

"एकदम?"

"नाही. थोडं थोडं."

"म्हणजे मी उतरत होतो आणि तू खाली गादी सरकवत होतास." दादांच्या आवाजात राग नव्हता, हिशेब जुळत नसलेल्या माणसाचा आवाज होता तो. "लंब्याला माहीत होतं?"

"हो."

"त्याने बोट सरकवलं होतं. मी बघितलं होतं." दादा थांबले. "मग तो सोडून गेला नव्हता."

"नाही."

"तू काढलंस."

"तुम्हाला कळलं असतं, दादा."

"कळलं असतं तर काय झालं असतं रे? खालून गायलो असतो. सगळे मिळून खालून गायलो असतो."

हे धाकट्याला खरोखरच सुचले नव्हते. दादांनी माइक पियानोवर न ठेवता नीट दांडीला लावला, बटण बंद केले, आणि जिना उतरून गेले. वहिनी मागोमाग निघाली. जाता जाता म्हणाली, "तुम्ही सांगायला हवं होतं, भाऊजी." धाकट्याने तिच्याकडे बघितले. "मी पण," ती म्हणाली.

दादा तिथून सरळ कुलपांच्या दुकानात गेले. लंबू किल्ली घासत होता. त्याने मान वर केली नाही.

"या गायक. कुलूप का किल्ली?"

"लंब्या, मला सांगायचं होतंस."

लंबूने घासणे थांबवले. समजायला त्याला वेळ लागला नाही. "काय सांगायचं? तुझ्या तोंडावर? त्यापेक्षा बोट सरकवणं सोपं."

"मला वाटलं तू दुसरीकडे गेलास."

"दुसरीकडे कोण घेतो आता? सगळीकडे तुझ्या भावासारखे भाऊ आहेत." त्याने स्टूल पुढे सरकवले. "बस. पाय दुखतील."

दादा बसले. दुकानात शेकडो किल्ल्या टांगलेल्या होत्या आणि एकही वाजत नव्हती.

"कार्यक्रमाला ये. खालून गाऊ. जिथून जमेल तिथून. तू बासवर ये, मी गातो."

"गिटार विकली, दादा."

"कधी?"

"झाली वर्षं. नातीला शिकायचं होतं, त्याच पैशात तिला कीबोर्ड घेतला." लंबूने किल्ली उजेडात धरून दात बघितले. "छान वाजवते पोर. त्याच्यातच बासरी वाजवते, त्याच्यातच माझी गिटार."

दादा स्टुलावरून उठले. मग घरी गेले.

कार्यक्रमाला ते गायले नाहीत. घसा बसला आहे, असे चिटणीसांनी जाहीर केले, आणि गाणे फक्त पियानोवर होईल असे सांगितले. धाकट्याने ते काळी दोनवरून वाजवले. दुसरे कुठून वाजवायचा त्याला हुरूप नव्हता. वाजवताना खांदा हलका लागत होता. अंतऱ्यातली जागा पियानोने सहज घेतली. पियानोला तिथे चढावे लागत नाही; ती पट्टी तिथेच असते. सवयीने काही लोकांनी टाळ्या वाजवल्या, पण बरेच जण शब्द नाहीत म्हणून मध्यंतर समजून उठले होते. दादा घरी होते. वहिनीने रेडिओ लावायला हात पुढे केला आणि मागे घेतला.

त्यानंतर दादा गायले नाहीत. संध्याकाळी लंबूच्या दुकानात स्टुलावर बसतात. धाकटा त्या रस्त्याने जात नाही. वाद्यवृंद मोडला, तेव्हा मोडायला फारसे काही नव्हते.

पियानो सभागृहातच आहे. कार्यक्रमांना येणारी नवी मंडळी आपला कीबोर्ड त्याच्या झाकणावर ठेवतात. उंची बरोबर येते. वेगळा स्टँड लागत नाही.